रविवार आणि निवारा : कामकऱ्यांनी बांधलेल्या डोंगरी घरांची हकीकत



डोंगरवाटेवरच्या निवाऱ्यांचा इतिहास सांगावयास कामगार चळवळीतला मनुष्य कशाला, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना पडला असेल. मी गिर्यारोहक नव्हे. कॉलेजची पायरीही मी चढलेलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्रीच्या वेळी. पण विश्रांतीसाठी छप्पर मागणे हा आमच्या कामाचा रोजचाच भाग आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४७ वे कलम होते. दीडशेहून अधिक कामगार असतील त्या कारखान्यात निवारा किंवा विश्रांतीची खोली आणि जेवणाची खोली असलीच पाहिजे, असे ते सांगे. त्या कलमापायी माझी कितीतरी वर्षे गेली. एका कारखान्यात विश्रांतीची खोली म्हणून जी आम्हांस दाखविण्यात आली, तिच्यात भंगाराची पिंपे रचलेली होती आणि किल्ली फोरमनच्या खिशात होती. तेव्हापासून कोठेही धर्मशाळा, विश्रामगृह, सराई दिसली की तिची किल्ली कोणाकडे असते, हे आधी विचारण्याची मला खोड लागली आहे. आजची हकीकतही त्या किल्लीचीच आहे.

युरोपात हौसेने डोंगर चढण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ चा, स्वित्झर्लंडचा १८६३ चा. स्विस मंडळींनी त्याच वर्षी ट्योडी पर्वताच्या अंगावर ग्र्यूनहॉर्न नावाची पहिली झोपडी उभारली. आल्प्समधल्या शेकडो निवाऱ्यांची ती थोरली बहीण. हे क्लब वकील, प्राध्यापक, डॉक्टर आणि व्यापारी यांचे होते. त्यांनी वाटा आखल्या, नकाशे केले, झोपड्या बांधल्या. त्यांचे हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या पुढे वाटाड्या चाले आणि मागे हमाल चाले. वाटाड्या व हमाल हे गिर्यारोहक आहेत असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसावे.

त्याच काळातल्या व्हिएन्ना शहराकडे आता या. १८८८ साली व्हिक्टर आडलर नावाचा एक डॉक्टर शहराबाहेरच्या व्हीनरबेर्ग येथील वीटभट्ट्यांमध्ये चोरून शिरला आणि पाहिले ते त्याने आपल्या पत्रात छापून टाकले. भट्टीवरचे मजूर बहुतेक बोहेमियातून आलेले. त्यांस मजुरी पैशांत नव्हे, पत्र्याच्या बिल्ल्यांत मिळे. आणि तो बिल्ला कंपनीच्या कँटीनमध्येच चाले. एकेका दालनात चाळीस, पन्नास, सत्तर माणसे, बायकामुलांसुद्धा, दाटीवाटीने झोपत. ज्यांस तीही जागा नाही ते भट्टीच्याच उबेला पडत. शहरातल्या कामकऱ्यांची तऱ्हा याहून फार बरी नव्हती. खोली भाड्याने घेणे परवडत नाही म्हणून नुसता बिछाना भाड्याने घेणाऱ्यांचा तेथे एक वर्गच होता. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच बिछान्यावर आडवा होई. गिरणगावच्या गाळ्यांत ज्यांचे वाडवडील पाळीपाळीने वळकटी पसरून झोपले, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. ज्याला आपल्या गावात पाठ टेकण्यास हक्काची जागा नाही, त्याच्यापुढे डोंगरावरच्या मुक्कामाची गोष्ट काढणे म्हणजे त्या काळी थट्टाच वाटली असती.

त्यासाठी आधी रविवार हवा होता. सुट्टीचा वार देवाने दिला अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो भांडून मिळवावा लागला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर हजारोंची सभा भरविली, तीत दोन स्त्री-कामगार बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्यातून एक दिवस सुट्टी सक्तीची झाली. या कायद्यासाठी लँकेशायरच्या गिरणीमालकांनीही विलायतेत जोर लावला होता, तो अर्थात आपल्या कामगारांच्या कळवळ्याने नव्हे. मुंबईचे स्वस्त सूत त्यांस डाचत होते. ऑस्ट्रियात १८८५ च्या कायद्याने कारखान्यांचा दिवस अकरा तासांवर आणला, आणि रविवारच्या विश्रांतीचा स्वतंत्र कायदा १६ जानेवारी १८९५ रोजी झाला.

ही तारीख ध्यानात ठेवा. कारण त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १८९५ मध्ये, व्हिएन्नाच्या ‘आर्बाइटर त्साइटुंग’ या कामगारांच्या दैनिकात एक चिमुकली जाहिरात झळकली. निसर्गाची आवड असणाऱ्यांनी सहलींचे मंडळ स्थापण्यासाठी आपली नावे कळवावीत, असा तिचा आशय. जाहिरात देणारा गेओर्ग श्मीडल हा शाळामास्तर. ती वाचून आलेल्यांत आलोइस रोहराउअर हा विळे-कोयते घडविणारा लोहार होता आणि कार्ल रेनर हा मोराव्हियातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा, कायदा शिकणारा मुलगा होता. ईस्टरच्या सुट्टीत मंडळी व्हिएन्नाजवळच्या आनिंगर टेकडीवर जाऊन आली, आणि १६ सप्टेंबर १८९५ रोजी ओटाक्रिंग या कामगार वस्तीतल्या एका खाणावळीत संस्थेची रीतसर स्थापना झाली. नाव ‘नाटुरफ्रॉयंडे’, म्हणजे निसर्गमित्र. तिची खूण रेनरने काढली : एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि डोंगरात फुलणारी तीन फुले. जुने गिर्यारोहक वाटेत भेटले की ‘बेर्ग हाइल’ म्हणजे ‘डोंगराचा जयजयकार’ असा नमस्कार करीत. निसर्गमित्रांनी त्याऐवजी ‘बेर्ग फ्राय’ म्हणावयास सुरुवात केली. अर्थ एवढाच की डोंगर मोकळा असो.

आता निवाऱ्याचा हिशेब पाहू. तो अगदी गणिताचा आहे. कामकऱ्याला शनिवारी दिवस मावळेपर्यंत काम. रविवारी पहाटेची गाडी पकडून पायथा गाठावयाचा, तर दुपार डोक्यावर येई. वर जाऊन खाली येऊन शेवटची गाडी सापडली नाही तर सोमवारचा भोंगा चुके आणि पगार कापला जाई. पण शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून पायथ्याशी किंवा अर्ध्या चढावर कोठे पाठ टेकता आली, तर रविवार अख्खा हाती लागे. म्हणजे एक छप्पर बांधले की सुट्टी जवळजवळ दुप्पट होते. गावातल्या हॉटेलात उतरावे तर एका रात्रीस आठवड्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा जाई, शिवाय चिखलाच्या बुटांकडे आणि जाड्याभरड्या कपड्यांकडे पाहून नोकर नाक मुरडीत. श्रीमंत क्लबांच्या झोपड्यांत सभासदांस सवलत आणि आधी जागा; इतरांस जादा आकार आणि उरली तर जागा. तेव्हा आपले छप्पर आपणच घालावयाचे, हा निर्णय हौसेतून झाला नाही.

निसर्गमित्रांचे पहिले घर, पाडास्टरयोखहाउस, १९०७ साली टिरोलमध्ये ट्रिन्स गावाच्या वर, २२३२ मीटर उंचीवर उघडले. आपले कळसूबाई १६४६ मीटर, यावरून उंचीची कल्पना यावी. त्यानंतर जी घरे झाली त्यांची रीत थोड्याफार फरकाने एकच. एखादा जुना गोठा किंवा गवताची खोप विकत वा भाड्याने घ्यावयाची. सभासदांची वर्गणी, थोडे कर्जरोखे, जत्रेतल्या नाटकाचे उत्पन्न असा पैसा जमवावयाचा. आणि बांधकाम रविवारी स्वतःच्या हातांनी करावयाचे. सुतार, गवंडी, लोहार, नळवाला हे सर्व सभासदांतच. वर जाणाऱ्याच्या पाठीवर जशी शिदोरी तशीच फळी, सिमेंट, चुलीचे लोखंड. आत काय असे? मोठी भिंतचूल, लांब टेबले, माळ्यावर ओळीने गवताच्या गाद्या, ज्याचे त्याने शिजवावयाचे, ज्याचे त्याने धुवावयाचे, आणि निघताना पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवावयाची. हमाल नाही, नोकर नाही. घराची देखभाल सभासद पाळीपाळीने करीत, आणि किल्ली ज्याची पाळी त्याच्याकडे असे.

नुसते घर बांधून भागणार नव्हते. घराकडे जाणारी वाटही हवी. ऑस्ट्रियातली मोठमोठी जंगले सरदार-जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली. हरणे बुजतात या सबबीवर पिढ्यान् पिढ्यांच्या पायवाटा त्यांनी बंद केल्या, फाटके घातली, राखणदार ठेवले. निसर्गमित्रांनी १९०६ पासून ‘निषिद्ध वाट’ या नावाने याविरुद्ध मोहीम चालविली. कोणती वाट कोणी अडविली हे ते आपल्या मासिकात छापीत, आणि वाटेचा वहिवाटीचा हक्क सांगत. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही भाषा लगेच कळेल.

या चळवळीला विरोध फक्त जमीनदारांचा नव्हता. खुद्द कामगार पक्षातले कित्येक कार्यकर्ते म्हणत की रविवारी डोंगरावर गेलेला माणूस सभेला येत नाही. फुले-पाखरे पाहून क्रांती होते काय? हा आक्षेप मी माझ्या युनियनमध्येही ऐकलेला आहे, तेथे विषय भजनी मंडळाचा होता. माझे मत विचाराल तर, दारूच्या गुत्त्यात आणि पत्त्यांच्या अड्ड्यावर जाणाराही सभेला येत नसतोच. एका छपराखाली ज्यांनी भात शिजविला, लाकडे फोडली, पावसात अडकून रात्र काढली, ते संपात एकमेकांस लवकर सोडीत नाहीत. श्मीडल आणि रेनर यांचाही रोख हाच होता, की कामकऱ्याला गुत्ता आणि जुगार यांतून ओढून उघड्या हवेत आणावे, म्हणजे त्याला आपल्या जिण्याची लाज वाटेनाशी होईल आणि राग येऊ लागेल.

पहिले महायुद्ध संपले, साम्राज्य मोडले, आणि तो कायदा शिकणारा मुलगा, कार्ल रेनर, १९१८ मध्ये ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाचा पहिला चान्सलर झाला. त्याच्या सरकारात समाजकल्याणाचे खाते फेर्डिनांड हानुश याच्याकडे होते. हा मूळचा विणकर. त्याच्या कारकीर्दीत आठ तासांचा दिवस आला आणि जुलै १९१९ च्या कायद्याने एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला आठवडाभराची आणि पाच वर्षे झालेल्याला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आता एका रात्रीच्या निवाऱ्याने पुरेना. निसर्गमित्रांची घरे भराभर वाढली, शाखा जर्मनी, स्वित्झर्लंड इत्यादी देशांत पसरल्या, आणि सभासद लाखांवर गेले.

सायकलवाल्यांनीही मागे राहू नये हे स्वाभाविकच होते. जर्मनीत १८९६ साली ओफेनबाख येथे ‘सोलिडारिटेट’ या नावाचा कामगार सायकलस्वारांचा संघ निघाला होता. निवडणुकीच्या दिवसांत पत्रके घेऊन खेडोपाडी जाणारी ही पोरे; त्यांस वर्गलढ्याचे तांबडे स्वार म्हणत. पुढे त्यांनी सायकलींचा स्वतःचा कारखानाच काढला.

आणि याच काळात छपराला दुसरी कीड लागली. जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबाच्या अनेक शाखांनी ‘आम्ही फक्त आर्य सभासद घेऊ’ असा नियम केला. ज्यू सभासदांनी आणि त्यांच्या मित्रांनी मग ‘डोनाउलांड’ नावाची वेगळी शाखा काढली, तर १९२४ मध्ये ती शाखाच क्लबाने काढून टाकली. डोंगरावर बर्फाचे वादळ उठले असता दार ठोठावणाऱ्याला जात विचारण्याची ही तयारी होती. आपण नाक मुरडू नये. पंढरीच्या वारीला जाणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला धर्मशाळेच्या ओटीवरही थारा मिळत नसे. म्हणून गाडगेबाबांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती इमारत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःच्या डोक्यावर छप्पर नसलेल्या त्या माणसाने किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, हे मात्र अचूक ओळखले.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्याने कामगार संघटना मोडल्या, त्यांच्या पतपेढ्या आणि कचेऱ्या बळकावल्या, आणि त्याबरोबर निसर्गमित्रांची घरेही. जर्मन शाखेच्या काही पुढाऱ्यांनी नव्या राजवटीशी जमवून घेऊन घरे वाचविता येतील का, असा प्रयत्न करून पाहिला. तो फुकट गेला. सायकल संघ गेला, त्याचा कारखाना गेला. रिखार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरने १९०९ च्या ऑगस्टात मुलांची सहल वादळात सापडून एका गावच्या शाळेत रात्र काढावी लागली, तेव्हा युवकांसाठी निवाऱ्यांची साखळी उभारण्याचा विचार केला होता. ती जगप्रसिद्ध युथ हॉस्टेलेही हिटलरच्या युवक संघटनेने गिळली. ऑस्ट्रियात पाळी पुढच्या वर्षी आली. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी व्हिएन्नात गोळीबार सुरू झाला, कामगारांच्या चाळींवर डॉल्फुस सरकारने तोफा डागल्या, पक्ष आणि युनियनांवर बंदी आली, आणि निसर्गमित्रांची संस्था विसर्जित करून घरे सरकारधार्जिण्या नव्या मंडळाच्या ताब्यात देण्यात आली. संस्थेचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्वित्झर्लंडात, झुरिकला, हलले.

छपरे गेली तरी वाटा पायांत राहिल्या. ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीच्या काठी वालुकाश्माचे उंच सुळके आहेत. तेथे चढणारे तरुण कामगार ‘तांबडे गिर्यारोहक’ म्हणून ओळखले जात. रविवारी पाठ केलेल्या घळी आणि कपारी यांतून त्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरून बंदी घातलेली पत्रके आत आणली आणि पोलीस मागावर असलेली माणसे बाहेर पोहोचविली. त्यांच्यापैकी कुर्ट श्लोसर या सुताराला १९४४ च्या ऑगस्टात ड्रेस्डेनमध्ये मृत्युदंड देण्यात आला. त्याच्याशेजारी रेनरचे वागणे ठेवले तर मन खट्टू होते. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया घशात घातला तेव्हा आपण सार्वमतात होकार देणार असे रेनरने जाहीर केले होते. १९४५ मध्ये तो ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्षही झाला. ज्या हाताने गुंफलेल्या हातांचे चित्र काढले, त्या हाताची ही दुसरी बाजू इतिहास सांगताना झाकून ठेवणे बरे नव्हे.

जर्मनीत घरे जप्त होत होती त्या सुमारास इंग्लंडात भांडण चालले होते ते वाटेचे. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखान्यांच्या शहरांमध्ये किंडर स्काउट नावाचे उंच माळरान आहे. ते पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शेकडो तरुण मुद्दाम मनाई मोडून त्यावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा मेकॅनिक. स्टेशनवर पोलीस अडवतील म्हणून तो मँचेस्टरहून सायकल मारीत आला. राखणदारांशी झटापट झाली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्या शिक्षांनी लोकमत इतके खवळले की वाटांचा प्रश्न मग मिटविता येईना. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि सार्वजनिक वाटा यांचा कायदा झाला, आणि उघड्या माळावर फिरण्याचा हक्क देणारा कायदा व्हावयास २००० साल उजाडले.

ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या घरांपैकी पुष्कळशी १९४५ नंतर परत मिळाली, पण कशी? काही बाँबने फुटलेली, काही छावण्यांसाठी वापरून उद्ध्वस्त झालेली. कागद शोधून मालकी सिद्ध करण्यात वर्षे गेली. वृद्ध झालेल्या सभासदांनी पुन्हा रविवारी फळ्या वाहिल्या. आज निसर्गमित्रांची शेकडो घरे युरोपभर उघडी आहेत आणि तेथे कोणालाही उतरता येते.

इंग्लंडातले एक घर मात्र कधी हातचे गेलेच नाही. लँकेशायरमध्ये पेंडल टेकडीच्या बाजूला, रफली गावाजवळ, ‘क्लॅरिअन हाउस’ नावाची पत्र्याच्या छपराची साधी इमारत आहे. त्या नावाचे समाजवादी साप्ताहिक होते आणि त्याच्या वाचकांचे १८९४ पासूनचे सायकल मंडळ होते. नेल्सन गावच्या कामकऱ्यांनी हे घर १९१२ मध्ये बांधले, आणि त्यासाठी कर्ज दिले ते विणकरांच्या युनियनने. मुंबईच्या गिरण्यांना ज्यांचे मालक पाण्यात पाहत, ते हेच लँकेशायरचे विणकर. त्या काळी अशी घरे आणखीही होती. ती एकेक करून बंद पडली. नेल्सनच्या गिरण्याही गेल्या, जशा आपल्या परळ-लालबागच्या गेल्या. पण क्लॅरिअन हाउस दर रविवारी उघडते. पायी येणारे आणि सायकलवरून येणारे बाकांवर बसतात, आपापला डबा सोडतात, आणि स्वयंसेवक त्यांस भल्यामोठ्या मगात चहा देतात.